आंतरराष्ट्रीय दहशतवाद : व्याख्यांची तुलना

राजकीय हेतूने लोकांत भीती पसरवणारी आणि एकाहून अधिक देशांशी धागे असलेली हिंसा, असे आंतरराष्ट्रीय दहशतवादाचे ढोबळ वर्णन करता येते. सर्व राष्ट्रांनी मान्य केलेली व्याख्या मात्र अद्याप नाही. घोडे मुख्यतः दोन प्रश्नांवर अडते : केवळ मालमत्तेची नासधूस दहशतवाद ठरते का, आणि परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्याला त्यातून वगळायचे का? ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाचा इतिहास या दोन्ही प्रश्नांना भिडतो.

1942च्या छोडो भारत चळवळीत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. लोखंडी पाय करवतीने कापले की मनोरा आडवा होई आणि वीजपुरवठा तुटे. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

राष्ट्रसंघाच्या 1937 सालच्या जिनिव्हा करारात, राज्यसंस्थेविरुद्ध केलेले आणि व्यक्तींच्या, गटांच्या किंवा जनतेच्या मनात दहशत बसवू पाहणारे गुन्हेगारी कृत्य म्हणजे दहशतवाद, अशी व्याख्या होती. मार्सेय येथे 1934 साली युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांचा खून झाला, त्यातून हा करार निघाला. त्याला रीतसर अनुसमर्थन दिले ते एकट्या भारताने, म्हणजे अर्थातच इंग्रज सरकारने. करार कधीच अमलात आला नाही. शिवाय त्याचा रोख दुसऱ्या राष्ट्राविरुद्धच्या कृत्यांवर होता. त्यामुळे सिद्धगडचा लढा त्यात बसला नसता.

संयुक्त राष्ट्रांच्या 1999 सालच्या वित्तपुरवठाविरोधी कराराचा भर नागरिकांना ठार किंवा गंभीर जखमी करण्याच्या हेतूवर आहे. जनतेला धमकावणे अथवा सरकारला भाग पाडणे हा उद्देशही त्यात लागतो. सुरक्षा परिषदेच्या 1566 क्रमांकाच्या ठरावाने (2004) त्यात ओलीस धरण्याची भर घातली. नुसता मनोरा पाडणे या दोन्ही सूत्रांबाहेर राहते. अरब राष्ट्रांच्या 1998 सालच्या करारात तर परकीय ताब्याविरुद्धचा सशस्त्र लढा स्पष्टपणे वगळला आहे.

भारताचे जाळे याहून बरेच रुंद आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कलम 15 मध्ये जीवितहानीबरोबर मालमत्तेचा नाश आणि समाजाला अत्यावश्यक असलेल्या सेवा खंडित करणेही येते. साधन कोणतेही चालते. हा मजकूर 1942 सालच्या सरकारच्या हाती असता, तर आझाद दस्ता त्यातून सुटला नसता. व्याख्या जितकी ऐसपैस, तितकी ती सत्तेच्या सोयीची. हा आक्षेप म्हणूनच पोकळ नाही.

26 नोव्हेंबर 2008चा मुंबईवरचा हल्ला मात्र कोणत्याही व्याख्येत बसतो. कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी 166 माणसे मारली. शहापूर तालुक्यातील वासिंद-आसनगावचे चाकरमानी कसारा लोकलने जिथे उतरतात, त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही (तेव्हाचे छत्रपती शिवाजी टर्मिनस) गोळीबार झाला. महिन्याभरातच सुरक्षा परिषदेने हल्ल्यामागच्या लष्कर-ए-तैयबा संघटनेचा संस्थापक हाफिज सईद याचे नाव आपल्या निर्बंध यादीत घातले. व्याख्येवर एकमत होत नसले तरी नावांवर होऊ शकते, असा हा व्यवहार. भारताने 1996 साली मांडलेला सर्वंकष कराराचा मसुदा मात्र स्वातंत्र्यलढे आणि सैन्यदलांच्या कारवाया वगळायच्या की नाही, याच मुद्द्यांवर अजून रखडलेला आहे.