पाण्यांतून वर येण्याची विद्या

समुद्राच्या तळाशीं जाण्याची हौस मनुष्याला फार जुनी आहे. मोत्यांसाठीं, स्पंजासाठीं, बुडालेल्या गलबतांतील मालासाठीं माणसें हजारों वर्षें बुड्या मारीत आलीं. सोंड पाण्यावर धरून नदी ओलांडणाऱ्या हत्तीची तुलना ॲरिस्टॉटलनें पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या नळीशीं केली आहे; म्हणजे आज सुटींत तारकर्लीच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर जी स्नॉर्केल नांवाची वांकडी नळी तोंडांत धरून लोक तरंगतात, तिची कल्पना तेवीसशें वर्षांपूर्वींहि होती. परंतु खालीं जाण्याची विद्या जितकी जुनी, तितकीच वर येण्याची विद्या नवी. अभिमन्यूला चक्रव्यूहांत शिरतां येत होतें, बाहेर पडतां येत नव्हतें. एकोणिसाव्या शतकांतील पाणबुड्यांची स्थिति नेमकी तशीच होती. फरक इतकाच कीं, आपल्याला बाहेर पडतां येत नाहीं हें अभिमन्यूला ठाऊक होतें. या बापड्यांना तेंहि ठाऊक नव्हतें.

मनुष्य छातींत भरलेल्या एका श्वासावर बुडी मारीत होता, तोंवर हा प्रश्न सहसा उपस्थित होत नव्हता. यंत्रानें दाबलेली हवा पाण्याखालीं पोंचूं लागली तेव्हां तो उपस्थित झाला. पाण्यांत दर दहा मीटरांस दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि तेथें श्वास घ्यावयाचा तर हवाहि तितक्याच दाबाची लागते. अशी हवा नद्यांच्या तळाशीं पुलांचे पाये खणणाऱ्या मजुरांना प्रथम मोठ्या प्रमाणावर मिळाली. तळ नसलेली एक अवाढव्य पेटी पाण्यांत उपडी बुडवावयाची, आंत दाबाची हवा भरून पाणी बाहेर लोटावयाचें, आणि कोरड्या झालेल्या तळावर कुदळी चालवावयाच्या, अशी ही युक्ति. या पेटीला केसॉन म्हणत. १८४१ मध्यें फ्रान्समध्यें त्रिजे नांवाच्या अभियंत्यानें ती लुआर नदीच्या कांठीं कोळशाच्या खाणीसाठीं वापरली, आणि तेव्हांच बाहेर आलेल्या मजुरांचे सांधे व स्नायु दुखूं लागल्याची नोंद झाली. पुढें १८५४ मध्यें पोल आणि वातेल या दोघां फ्रेंच डॉक्टरांनीं एक विलक्षण गोष्ट नमूद केली: आंत जातांना कोणाला कांहीं होत नाहीं, आंत असतांनाहि होत नाहीं, जें होतें तें बाहेर पडल्यावर होतें. शिवाय पुन्हां आंत पाठविलें कीं दुखणें हलकें पडतें. रोगाचें कारण व त्याचा उपाय हीं दोन्ही या निरीक्षणांत जणूं हातांत आलीं होतीं. तीं हातांत धरण्यास जगाला आणखी अर्धें शतक लागलें.

त्या अर्ध्या शतकाची किंमत मजुरांनीं भरली. अमेरिकेंत सेंट लुइस येथें मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स हा पूल बांधीत होता. १८७० मध्यें त्याची पेटी नव्वद फुटांच्या खालीं गेली आणि माणसें मरूं लागलीं. पाळी संपवून शिडी चढून आलेला धडधाकट गडी पंधरा मिनिटांत कोसळे. डझनाहून अधिक मजूर दगावले. कोणीतरी जस्त व चांदी यांचे पट्टे गुणकारी म्हणून सुचविले, तेव्हां ते मनगटांना, घोट्यांना, कमरेला ताइतासारखे बांधून माणसें पायाखणणीला उतरूं लागलीं. ईड्सनें नेमलेला डॉक्टर जॅमिने स्वतः पाहावें म्हणून पेटींत उतरला. पावणेतीन तास आंत राहून तो साडेतीन मिनिटांत बाहेर आला आणि घरीं पोंचतांच अर्धांगानें आडवा झाला. सुदैवानें तो बरा झाला. परंतु दोष बाहेर येण्याच्या घाईचा होता हें त्याच्या पुरतें ध्यानांत आलें नाहीं. श्रम व थकवा यांवर ठपका ठेवून त्यानें कामाचे तास मात्र कमी केले, आणि त्याचा कांहीं उपयोग झालाहि.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची कथा याहून प्रसिद्ध आहे. तेथील डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यानें उपचार करावे लागले असे ११० रोगी नोंदविले. वेदनेनें कमरेंत वांकून चालणाऱ्या मजुरांना पाहून त्यांचे सोबती थट्टेनें त्या काळच्या नटव्या बायकांच्या चालीची उपमा देत. तीवरूनच या रोगाला ‘बेंड्स’ हें नांव पडलें. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्यें याच रोगानें खचला. न्यूयॉर्ककडील पाया खडकापर्यंत नेला तर आणखी किती बळी पडतील याचा विचार करून त्यानें तो साडेअठ्ठ्याहत्तर फुटांवर, घट्ट वाळूवर थांबविला. पूल आजहि उभा आहे, तेव्हां हा निर्णय बरोबरच म्हणावयाचा. पुढील वर्षें रोब्लिंगनें घराच्या खिडकींतून दुर्बिणीनें काम पाहिलें आणि त्याच्या सूचना पत्नी एमिली कामावर पोंचवीत राहिली. २४ मे १८८३ रोजीं पूल खुला झाला.

समुद्रावर याहून निराळें घडत नव्हतें. ऑगस्टस झीबे यानें १८३० च्या दशकांत सिद्ध केलेला तांब्याचा टोप व बंद पोषाख पुढें ग्रीसच्या स्पंज काढणाऱ्या बेटांवर गेला आणि त्या बेटांवर तरणीबांड माणसें काठी टेकूं लागलीं. १९०० मध्यें अशाच सिमी बेटाच्या पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ पुरातन जहाज सांपडलें. सुमारें पंचेचाळीस मीटरांवरून त्यांनीं काढलेल्या मूर्ति आणि ग्रहगणिताचें तें अद्भुत यंत्र अथेन्सच्या संग्रहालयांत आहे. त्यासाठीं एक पाणबुड्या मेला व दोघे पंगु झाले, हें त्या यंत्राचें कौतुक करतांना बहुधा कोणी सांगत नाहीं.

कारण तरी काय होतें? १६७० मध्यें रॉबर्ट बॉइलनें हवा काढून घेतलेल्या पात्रांत एक साप ठेवला, तेव्हां त्याच्या डोळ्यांत बुडबुडा हालतांना दिसला. त्या बुडबुड्याचा अर्थ पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ मध्यें सांगितला. गोळीसोड्याची बाटली बंद असेपर्यंत पाणी स्वच्छ दिसतें; गोळी आंत ढकलली कीं तेंच पाणी फसफसून उठतें. दाबाखालीं श्वास घेणाऱ्या मनुष्याच्या रक्तांत व मांसांत हवेंतील नत्रवायु असाच विरघळतो. मनुष्य सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निमूटपणें निघून जातो; झटकन वर आला तर जागच्या जागीं बुडबुडे होतात. सांध्यांत झाले तर वेदना, पाठीच्या कण्यांत झाले तर पक्षघात.

सावकाश म्हणजे किती सावकाश, हें मात्र बेरला सांगतां आलें नाहीं. तें काम जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञानें केलें. ब्रिटिश आरमारानें १९०५ मध्यें त्याला तें सोंपविलें. हाल्डेननें लंडनच्या लिस्टर संस्थेंत लोखंडी कोठडींत बोकड-शेळ्या ठेवून दाब कमीजास्त केला. शेळीला दुखूं लागलें कीं ती पुढचा पाय उचलून धरते. तेवढी खूण पुरेशी होती. दोन वातावरणांच्या दाबांतून एकावर एकदम आलें तरी इजा होत नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. तसें असेल तर सहांतून तिनांवर एकदम येण्यासहि हरकत नसावी. म्हणून प्रथम निम्म्या दाबापर्यंत लवकर यावें, आणि पुढें ठरलेल्या खोलीवर ठरलेलीं मिनिटें थांबत थांबत, पायरीपायरीनें वर यावें. त्यापूर्वींचे लोक सारख्या मंद गतीनें वर येण्यास सांगत. त्यांत वेळ जाई आणि खोल पाण्यांत शरीर आणखी वायु शोषीत राही. १९०६ मध्यें स्कॉटलंडच्या खाडींत डेमंट व कॅटो हे आरमाराचे पाणबुडे या रीतीनें २१० फूट जाऊन सुखरूप आले. हाल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगाहि तेथें सैलसर, गळक्या पोषाखांत बुडी मारून आला. हाच मुलगा पुढें जे. बी. एस. हाल्डेन म्हणून विख्यात झाला, १९५७ मध्यें भारतांत येऊन राहिला आणि १९६४ मध्यें भुवनेश्वरला वारला.

हीं कोष्टकें १९०८ मध्यें प्रसिद्ध झालीं. त्यांची परीक्षा डेमंटनेंच घेतली. १९१७ मध्यें आयर्लंडजवळ सुरुंगानें बुडालेल्या ‘लॉरेंटिक’ जहाजांत सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. सुमारें चाळीस मीटरांवरून, उसळत्या समुद्रांत, १९२४ पर्यंत त्यानें ३,१८६ विटा काढल्या. एकहि पाणबुड्या दगावला नाहीं. सोन्यापेक्षां हा दुसरा आंकडा अधिक मोलाचा वाटतो.

येथपर्यंत पाणबुड्या म्हणजे दोरीला बांधलेला मनुष्य होता. त्याला किती वेळानें व किती वेगानें ओढावयाचा हें वरचा माणूस ठरवी. १९४३ मध्यें ही दोरी तुटली. फ्रान्समध्यें एमिल गान्यां यानें युद्धकाळीं मोटारींना जळणवायु पुरविण्यासाठीं केलेली झडप नाविक अधिकारी झाक कूस्तो याच्या हातीं आली आणि दोघांनीं तिच्यापासून पाठीवर वाहून नेण्याचें श्वासयंत्र बनविलें. मनुष्य माशासारखा मोकळा झाला, आणि वर येण्याची सारी जबाबदारी त्याच्या एकट्यावर आली. कूस्तोचा सोबती मॉरिस फार्ग १९४७ मध्यें तूलाँजवळ १२० मीटरांवरच्या पाटीवर सही करून मेला. खोलवर नत्रवायूची मद्यासारखी धुंदी चढते, तिनें तोंडांतली नळी सुटली.

नवशिक्याचा शत्रु मात्र इतका खोल नसतो. दहा मीटरांवर भरून घेतलेला श्वास रोखून कोणी घाबरून वर धांवला, तर छातींतील हवा पृष्ठभागावर दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुस फाटतें. दीडदोन मीटरांवरूनहि असें घडूं शकतें. म्हणून पहिल्या धड्याचा पहिला नियम एकच: श्वास कधींहि रोखूं नये. नळी लावून तरंगणाऱ्याचा धोका निराळा. बुडी लांबावी म्हणून तो आधीं भराभर श्वास घेतो. त्यानें प्राणवायु फारसा वाढत नाहीं, परंतु श्वासाची तळमळ उत्पन्न करणारा कर्बाम्लवायु मात्र निघून जातो. मग तळमळ होण्यापूर्वींच शुद्ध हरपते. उत्तम पोहणारेच याला अधिक बळी पडतात.

१९५३ मध्यें ब्रिटनमध्यें हौशी पाणबुड्यांचा क्लब निघाला, १९६० च्या दशकांत अमेरिकेंत शिकविणाऱ्या संस्था निघाल्या, आणि आरमाराचीं कोष्टकें सुटीवर निघालेल्या कुटुंबांच्या हातीं आलीं. नुसत्या हौसेची मर्यादा चाळीस मीटर, नवशिक्याची अठरा. सोबती हवाच. वर येतांना पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावयाचें. मनगटावरचें यंत्र आतां हा हिशेब करतें. त्याच्या पोटांत हाल्डेनच्याच पायऱ्या आहेत.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्था आहे. शिक्षकाचा हात धरून चार-पांच मीटरांवर प्रवाळ पाहून येणाऱ्या पाहुण्याला बुडबुड्यांचें भय जवळजवळ नाहीं. त्यानें श्वास चालू ठेवावा आणि सर्दी, दमा किंवा हृदयाचें दुखणें लपवूं नये म्हणजे पुष्कळ झालें. जो दिवसांतून दोनतीनदां खोल जातो, त्याला मात्र पाण्याबाहेर आल्यावरहि आणखी एक चढण उरते. एका बुडीनंतर निदान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानांत बसूं नये असा संकेत आहे, कारण तेथें हवेचा दाब पुन्हां उतरतो. हा संकेत समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटरांच्या वर नेणाऱ्या रस्त्यालाहि लागू आहे. मालवणहून बेळगांवकडे जाणारी मोटार आंबोलीचा घाट चढते, आणि आंबोली सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे.