अग्निशामकांच्या वस्त्रांचे विषदूषण

आग विझविताना धुरातील काजळी, राख व बाष्परूप रसायने अंगावरील कपड्यांत मुरतात आणि आग विझल्यानंतरही त्वचेच्या व श्वासाच्या वाटे शरीरात शिरत राहतात, त्या प्रकारास ही संज्ञा आहे. अपूर्ण ज्वलनातून निपजणारी बेंझोपायरीनसारखी बहुवलयी हायड्रोकार्बने, बेंझीन व फॉर्माल्डिहाइड ही त्यांतील मुख्य द्रव्ये होत. काजळीने कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने धुराडी झाडणाऱ्यांच्या आजारावरून १७७५ मध्येच दाखविले होते. तथापि अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला तो २०२२ मध्ये, आणि वणवे विझविणारेही त्या व्यवसायाच्या व्याख्येत येतात. दरम्यान अनेक देशांच्या दलांत काळवंडलेला पेहराव ही अनुभवाची खूण मानली जाई, हे खेदाने नमूद करावे लागते.

शहरी दलांच्या जाड पेहरावात दूषणाचा आणखी एक मार्ग असतो. कापडाला पाणी व तेल लागू नये म्हणून दिलेली फ्लोरीनयुक्त संयुगे निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. त्यांपैकी पीएफओएस हे २००९ मध्ये व पीएफओए हे २०१९ मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत दाखल झाले. येथे विष धुरातून येत नाही, ते रक्षणासाठी दिलेल्या वस्त्रातच असते.

गडचिरोली जिल्ह्यात, सती नदीकाठच्या कुरखेडा तालुक्यात मात्र असा पेहरावच नसतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामात, मोहफुले वेचण्यास जमीन मोकळी दिसावी म्हणून झाडाखाली पेटविलेला पाला, किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेला जाळ हाताबाहेर गेला, की वनरक्षक खाकी गणवेशात आणि हंगामी मजूर घरच्याच सदऱ्यात, हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपीत, तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळून तासन् तास धुरात उभे राहतात. त्या दुपट्ट्याने घसा ओला राहतो, पण सूक्ष्म कण व विषारी वायू अडत नाहीत. आणि तोच दुपट्टा पुढे घाम पुसण्यास व रात्री उशाला घेतला जातो. सदऱ्याची गळपट्टी उलटून पाहिली असता आतल्या घडीत घाम व काजळी यांचा काळा, चिकट पट्टा दिसतो. मानेची कातडी पातळ असते, आणि उष्णतेने व घामाने ती ही द्रव्ये अधिक शोषते. हा सदरा घरी जातो, खुंटीवर टांगला जातो, आणि धुणे करणाऱ्या बायकोच्या हातांना व जवळ खेळणाऱ्या मुलाला त्यातील काजळी लागते. त्यात टेरिकॉटचे कापड असल्यास ठिणगीने वितळून ते कातडीला चिकटते, हा धोका निराळाच.

स्वीडनमधील शेलेफ्टेओ येथील दलाने घालून दिलेली पद्धत साधी आहे : आगीच्या ठिकाणीच वस्त्रे उतरवावीत, बंद पिशवीत घालावीत, माणसांसोबत गाडीत ठेवू नयेत आणि लगेच धुवावीत. कुरखेड्याच्या जंगलात यासाठी यंत्रसामग्रीची गरज नाही. प्रत्येक अग्निरक्षक मजुरास जाड सुती कापडाचे दोन जोड, साबण, चौकीवर पाण्याची टाकी व धुण्याची जागा, आणि धुराचे कपडे घरी न नेण्याचा लेखी हुकूम, एवढी तजवीज मोह गळू लागण्यापूर्वी सरकारने केलीच पाहिजे.