शनिवार तेली: नाव धर्माचं की बैलाचं?

रोहणा, आर्वी, वर्धा या पट्ट्यात तेली समाजाच्या जुन्या पोटजातींची नावं निघाली की एकबैले आणि दोनबैले यांचं नाव येतंच. घाण्याला एक बैल जुंपणारे ते एकबैले, दोन जुंपणारे ते दोनबैले. कोकणातल्या एका नावाचं कोडं मला या बैलांमुळे सुटलं.

ते नाव म्हणजे शनिवार तेली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची मूळकथा सर्वश्रुत आहे. त्यांचे वंशज किहीमचे केहीमकर झाले, पेणचे पेणकर झाले, घाणे चालवू लागले. शनिवारी काम बंद, म्हणून शनिवार तेली.

सगळे इथेच थांबतात आणि हे नाव ज्यू धर्माची खूण म्हणून धरतात. मला ते पटत नाही. कारण त्याच कोकणात सोमवार तेलीही होते. ते हिंदू; त्यांचा घाणा महादेवाच्या वारी बंद. म्हणजे 'शनिवार' हे एका मालिकेतलं नाव आहे. शेजाऱ्याने देव विचारला नाही. कुणाचा बैल कोणत्या वारी सुटा असतो, एवढंच पाहिलं. विदर्भात बैल मोजून नाव पडलं, कोकणात बैलाची सुट्टी पाहून. शिवाय तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या दहा आज्ञांमध्ये, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, शब्बाथची म्हणजे शनिवारची विश्रांती चाकराबरोबर बैलालाही नावानिशी दिली आहे. हिब्रू प्रार्थना विस्मरणात गेल्या तरी ही आज्ञा घाण्यावर पाळली जात राहिली.

यावर एक तगडा आक्षेप येतो. शनिवार हा शनीला आणि मारुतीला तेल वाहण्याचा वार. नेमका त्याच दिवशी तेल न गाळणारा तेली गावाच्या डोळ्यांत भरला, म्हणून नाव पडलं. ऐकायला छान आहे. पण शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही, असाही नेम घराघरात होताच. आणि या तर्काने सोमवार तेल्यांचा उलगडा मुळीच होत नाही.

बेने इस्राएलांनी स्वतःला घेतलेल्या नावावरही वाद आहे. 'यहुदी' का नाही, 'बेने इस्राएल' का? एक मत असं, की 'यहुदी' हे नाव रूढ होण्याआधीच ते इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यातून निघाले. दुसरं असं, की मुसलमान शेजाऱ्यांत 'यहुदी' शब्दाला कडवटपणा होता, 'बनी इस्राईल'ला मान होता. मी दुसऱ्या बाजूचा. शेजाऱ्याच्या कानाला काय लागतं हे जाणून नाव निवडणं ही या समाजाची जुनी रीत.

पुरावा मुंबईत उभा आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे समाजी हसाजी, यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं ज्यू प्रार्थनास्थळ बांधलं. त्याचं हिब्रू नाव शाआर हारहमीम, दयेचं द्वार. पण बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत. पुढे दुसरं उभं राहिलं तशी ही जुनी मशीद झाली. मशीद बंदर स्टेशनाचं नाव याच मशिदीवरून आलं, असं मी ठामपणे मानतो. सिनेगॉग हा शब्द नंतर आला. तोवर घाणे सोडून माणसं पलटणीत आणि मुंबईच्या कचेऱ्यांत शिरली होती, आणि शनिवार तेली हे नावही मागे पडत चाललं होतं.