धडक केव्हा गुन्हा ठरते? फुटबॉलमधील फाउलचा इतिहास

१/ दोन खेळाडू एकाच चेंडूसाठी झेपावतात, एकमेकांवर आदळतात आणि एक जण कोसळतो. शिट्टी वाजवावी, की खेळ चालू ठेवावा? हा प्रश्न संघटित फुटबॉलइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मात्र बदलत गेले. #थ्रेड #इतिहास

२/ १८६३. लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी समान नियम ठरविण्यासाठी जमले. वाद पेटला तो ‘हॅकिंग’वरून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याच्या प्रथेवरून. ती गेली तर खेळातील मर्दपणाच जाईल, असे ब्लॅकहीथ क्लबचे म्हणणे होते. बहुमत विरोधात गेले आणि ब्लॅकहीथ बाहेर पडला. पुढे १८७१ मध्ये ज्या रग्बी संघटनेच्या स्थापनेत तो सहभागी झाला, तिनेही हॅकिंगवर बंदीच घातली!

३/ लाथ गेली, खांद्याची धडक राहिली. न्यायनिवाडा प्रथम कर्णधारांच्या सामंजस्यावर आणि नंतर दोन्ही संघांच्या अंपायरांवर सोपवलेला असे. १८९१ मध्ये रेफरी प्रत्यक्ष मैदानात आला. पेनल्टी किकही त्याच वर्षीची.

४/ १९५७, एफए कप अंतिम सामना. सहाव्याच मिनिटाला अॅस्टन व्हिलाचा मॅकपार्लंड मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वूड याच्यावर आदळला. वूडच्या गालाचे हाड मोडले. बदली खेळाडूची सोय नसल्याने बचावफळीतील ब्लँचफ्लॉवर गोलात उभा राहिला. व्हिला २-१ ने जिंकला. दोन्ही गोल मॅकपार्लंडचेच.

५/ १९५८, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा युनायटेड. तीनच महिन्यांपूर्वीच्या म्युनिक विमान अपघातातून सहप्रवाशांना बाहेर काढणारा हॅरी ग्रेग गोलात होता. बोल्टनच्या लॉफ्टहाउसने त्याला चेंडूसकट जाळ्यात ढकलले. गोल ग्राह्य धरला गेला! त्या काळी चेंडू धरलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक देण्याची मुभा होती. तरीही तो फाउलच होता, हे लॉफ्टहाउसने पुढे स्वतः मान्य केले.

६/ ८ जुलै १९८२, सेव्हिल. विश्वचषकाची उपांत्य फेरी. फ्रान्सचा बॅतिस्तों चेंडू टोलवून मोकळा झाला होता. त्यानंतर पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक शूमाखर उडी घेऊन त्याच्यावर आदळला. बॅतिस्तों बेशुद्ध पडला, दात निखळले, मणक्याला इजा झाली. पिवळी-लाल कार्डे १९७० च्या विश्वचषकापासून रूढ होती; तरीही कार्ड नाही, फाउलही नाही. रेफरीने गोल किक दिली आणि पश्चिम जर्मनी पेनल्टी शूटआउटवर जिंकला.

७/ तेव्हाचा नियम विचारी: कृती हेतुपुरस्सर होती का? पण हेतू मनात असतो आणि रेफरीला दिसते ती केवळ हालचाल. ‘मी तर चेंडूसाठीच गेलो होतो’, हा बचाव खोडून काढणे म्हणूनच कठीण होते.

८/ १९९० च्या दशकात नियमाची भाषा बदलली. हेतूऐवजी कृतीचे स्वरूप निकष ठरले. निष्काळजी धडक: फ्री किक. प्रतिस्पर्ध्याच्या जिवाची पर्वा न करणारी बेदरकार धडक: पिवळे कार्ड. अवाजवी बळ: लाल कार्ड. चेंडूला आधी स्पर्श झाला, एवढ्याने दोष धुतला जात नाही.

९/ धडक आजही निषिद्ध नाही. खांद्याला खांदा भिडणे हा खेळाचाच भाग आहे. बदलली ती जबाबदारी. १८६३ मध्ये चर्चा होती खेळाडूच्या मर्दपणाची. आज प्रश्न आहे समोरच्याच्या सुरक्षिततेचा. पुढच्या वेळी रेफरीवर चिडण्यापूर्वी हे तीन निकष लावून पाहा.