खुद्रीची कुळकथा

पवना दापोडीजवळ मुळेला मिळते आणि मुळा पुढे संगमावर मुठेला. पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी याच वाटेने खाली जातं. पुण्याच्या पूर्वेला, याच मुळा-मुठेत सापडलेल्या एका माशाचं वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्याला ‘बार्बस खुद्री’ हे नाव दिलं. तोच आजचा ‘टोर खुद्री’, म्हणजे दख्खनचा महाशीर. शिरूरजवळच्या घोड नदीतल्या दुसऱ्या एका मोठ्या माशाला त्यांनी ‘बार्बस मुसल्लाह’ म्हटलं.

साइक्स यांच्याकडे ओळखीचं एकच साधन होतं, माशाचं शरीर. डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या बाजूच्या रेषेवरचे खवले मोजायचे, पाठीच्या परातले काटे मोजायचे, मिशा किती ते पाहायचं, डोक्याची लांबी धडाशी ताडून बघायची. ही पद्धत आजही चालते. पण महाशीर इथे चकवा देतो. एकाच जातीत काहींचे ओठ जाड, मांसल असतात, तर काहींचे पातळ. पाण्यानुसार अंगाचा रंगही बदलतो. शिवाय साइक्स यांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. हाती उरलं ते वर्णन आणि चित्रं.

घोळ झाला तो इथेच. कावेरीतल्या पाठीला उंचवटा असलेल्या, नारिंगी परांच्या प्रचंड महाशीराला अनेक अभ्यासक ‘टोर मुसल्लाह’ म्हणू लागले. २०१३ मध्ये जे. डी. मार्कस नाइट आणि सहकाऱ्यांनी साइक्स यांचं लिखाण बारकाईने तपासून दाखवलं की, घोड नदीतला तो मासा महाशीर नव्हेच; तो ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्या प्रजातीचा. डीएनए काढायला मूळ मासाच नव्हता, त्यामुळे हा गुंता बाह्यलक्षणांच्या जुन्या पद्धतीनेच सुटला. कावेरीचा महाशीर मात्र बिननावाचा राहिला.

दुसरं साधन २००३ मध्ये आलं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी सुचवलं की, पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या ‘सीओआय’ या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचावा आणि त्यावरून प्राण्याची जात ओळखावी. हा डीएनए बारकोड. त्याला पराचा छोटा तुकडाही पुरतो. २०१८ मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन, पुण्याच्या आयसर संस्थेतले नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून सांगितलं की, कावेरीचा हा महाशीर म्हणजे केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णिलेला ‘टोर रेमादेवी’. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

या संकटाचा एक धागा आपल्या मावळात येतो. लोणावळ्याच्या वळवणला टाटांच्या केंद्रात खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी झाली आणि १९७०च्या दशकात तिथली पिल्लं कावेरीत सोडली गेली. तिथे खुद्री फोफावला आणि मूळचा महाशीर मागे पडला. दोघांना सरसकट ‘महाशीर’ म्हणण्याची किंमत त्या नदीने मोजली.

नाव नेमकं असणं इतकं मोलाचं आहे, म्हणून डीएनए हाती आला की खवले मोजणं संपलं, असं मानणं घातक आहे. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. संकरित पिल्लाच्या बारकोडमध्ये बापाची जात दिसतच नाही. ज्याच्याशी बारकोड ताडून पाहतात त्या माहितीकोशात एखाद्या माशाचा डीएनए चुकीच्या नावाने नोंदला, तर पुढचे दहा मासे त्याच चुकीने ओळखले जातात. दोन मासे वेगळे आहेत हे डीएनए सांगतो. पण त्यांतलं कोणतं नाव कोणाचं, हे ठरवायला ज्या ठिकाणी ते नाव पडलं तिथलाच मासा लागतो: जपून ठेवलेला, मोजलेला, ठिकाणाच्या नोंदीसह.

खुद्रीच्या बाबतीत ते ठिकाण पिंपरी-चिंचवडच्या खालच्या अंगाला आहे. शेजारची इंद्रायणी वळवणच्या बाजूने येते आणि देहू, चाकणची दक्षिण बाजू, आळंदी करत तुळापूरला भीमेत जाते. आळंदीत तिच्यावर फेस चढलेला आपण पाहतो. या नद्यांतलं सांडपाणी थांबवणं हे भाविकांच्या आणि नागरिकांच्या आरोग्याचं काम आहेच, शिवाय ते विज्ञानाचंही काम आहे. मुळा-मुठेतला अस्सल खुद्री संपला, तर जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत त्या नावाची खातरजमा करायला मूळ ठिकाणचा जिवंत मासा मिळणार नाही.