दुसऱ्या तबकडीचे मोल

संगीताच्या इतिहासात पहिलेपणाचा मान मोठा. पण स्त्रीच्या बाबतीत मला तिच्या दुसऱ्या कृतीचे मोल अधिक वाटते. पहिलीला लोक नवलाई म्हणून टाळ्या देतात. दुसरीला गुणांवरच उभे राहावे लागते. अमेरिकेतील हिप-हॉपचा इतिहास वाचताना हे मला फार जाणवले.

तबकडीच्या ठेक्यावर यमके जुळवीत झपाझप बोलून म्हणावयाचे कवन म्हणजे रॅप. हिप-हॉप हे त्याचे घराणे. त्याचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ मानतात. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीच्या सामायिक दालनात मेळावा भरला. तबकड्या वाजविल्या कूल हर्क याने, आणि नाव झाले ते त्याचे. परंतु मेळावा योजिला होता त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने. शाळेसाठी नवे कपडे घ्यावयास तिला पैसे हवे होते. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट! जागा मिळविणे, पैसे गोळा करणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या भगिनींना मी काय सांगावे? पुढे १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही गाजलेली तबकडी काढली, तीही सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंच्याच संस्थेने.

ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या एम. सी. लाइट हिचा ‘लाइट ॲज अ रॉक’ हा आल्बम १९८८ साली निघाला. एकट्या रॅपर स्त्रीच्या पहिल्या संपूर्ण आल्बमांत त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी तिने ‘आइज ऑन धिस’ हा दुसरा आल्बम दिला. तिची विशीही उलटली नव्हती. त्यातील ‘चा चा चा’ हे गीत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या रॅप गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात तिने आपल्या कौशल्याचा अभिमान उघडपणे मिरविला आहे. आता तिला ‘मुलगी असून बरे करते’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. १९९३ च्या ‘रफनेक’ने तर तिला सुवर्ण तबकडीचा मान मिळवून दिला.

तरीही दारे चटकन उघडली नाहीत. उत्कृष्ट रॅप आल्बमचा ग्रॅमी पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. १९९७ साली तो मिळविणाऱ्या ‘फ्यूजीज’ या त्रयीत लॉरिन हिल होती; पण स्वतःच्या एकटीच्या नावावर तो मिळविणारी पहिली स्त्री, कार्डी बी, उजाडली ती २०१९ साली. मेळाव्यापासून ४६ वर्षे!

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. आपल्यातली एखादी मुलगी प्रथमच काही करून दाखविते, तेव्हा आपण तिला नारळ-फूल देतो, ते योग्यच. पण तिच्या दुसऱ्या कार्यक्रमालाही आपण पुढच्या रांगेत बसावे, आणि या खेपेस कौतुकाबरोबर तिच्या कामाची पारखही करावी. तिला खरी गरज असते ती तेव्हाच.