सर्वांत आधीची गोष्ट सर्वांत शेवटी

वयाच्या पंचाहत्तरीत व्हिडिओ गेमवर लिहायला बसले म्हणून कुणी हसेल तर हसू द्या. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला एक खोड असते. कुठलीही प्राचीन कथा कानावर आली की, ती कधी घडली यापेक्षा ती कधी लिहिली गेली, हे आधी विचारावेसे वाटते. माझी नात 'द लेजंड ऑफ झेल्डा' नावाच्या जपानी खेळांत रमते. त्यातली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा तिने मला सांगितली आणि ती खोड जागी झाली.

कथा अशी. आरंभी सारा गोंधळ होता. मग तीन देवी खाली उतरल्या. दिन हिने आपल्या ज्वाळांच्या बाहूंनी भुई कसली आणि तांबडी माती घडवली. नायरू हिने त्या भूमीवर आपले शहाणपण ओतले आणि जगाला नियम दिले. फारोरे हिने ते नियम पाळणारे जीव निर्माण केले. काम संपल्यावर तिघी निघून गेल्या. जिथून गेल्या तिथे तीन सोनेरी त्रिकोण मागे राहिले. एक शक्तीचा, एक शहाणपणाचा, एक धैर्याचा. त्यांना ट्रायफोर्स म्हणतात. हायरूल नावाच्या त्या राज्याचा पुढचा इतिहास म्हणजे बहुतांशी या त्रिकोणांवरून झालेली भांडणे.

आता तारखा पाहू. निन्टेंडो कंपनीने पहिला खेळ १९८६ साली काढला. त्यात या देवींचा पत्ताच नाही! त्रिकोणसुद्धा दोनच. शक्तीचा त्रिकोण दुष्ट गॅननने पळवलेला, आणि शहाणपणाच्या त्रिकोणाचे आठ तुकडे करून राजकन्या झेल्डाने ते लपवलेले. धैर्याचा तिसरा त्रिकोण आला १९८७ च्या दुसऱ्या खेळात. १९९१ साली तिसरा खेळ निघाला, तेव्हा त्याच्या पुस्तिकेत जगाची उत्पत्ती प्रथमच सांगितली गेली. पण तिथे देवांना नावे नव्हती, आणि इंग्रजी पुस्तिकेत तर ते सरळ पुल्लिंगीच होते. दिन, नायरू, फारोरे ही नावे आणि त्यांचे देवीपण १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम' मध्ये ठसले. म्हणजे आधी राज्य, मग राज्याची खूण, आणि बारा वर्षांनी ती खूण ठेवून जाणाऱ्या देवी.

हे पाहून मला चिनी इतिहासकार कू चिएकांग यांची आठवण झाली. १९२३ साली त्यांनी मांडले की चीनचा प्राचीन इतिहास थरांथरांनी रचला गेला आहे, आणि जो थर जितका नंतरचा, तो तितक्याच मागच्या काळाबद्दल सांगतो. सर्वांत जुन्या ग्रंथांना फक्त यू राजा माहीत आहे. त्याच्याआधीचे याओ आणि शुन कन्फ्यूशियसच्या सुमारास अवतरतात, त्यांच्याही आधीचा पीत सम्राट त्यानंतर, आणि विश्व घडवणारा पान-कू तर हान घराण्याच्याही नंतर. चीनमध्ये ज्याला हजार वर्षांहून अधिक काळ लागला, ते या खेळात माझ्या एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाले, आणि तेही प्रत्येक थरावर सन छापून. विद्यार्थ्यांना शिकवायला याहून सोपे उदाहरण मिळाले नसते.

त्रिकोणांची मात्र आणखी एक गंमत आहे. जपानात कामाकुराच्या होजो घराण्याचे चिन्ह म्हणजे तीन त्रिकोण, हुबेहूब ट्रायफोर्ससारखे. त्यामागची कथा 'ताइहेइकी' या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात येते. होजो तोकिमासा एनोशिमा बेटावर अनुष्ठानाला बसला. देवी प्रकट झाली, भविष्य सांगितले आणि प्रचंड सर्पाचे रूप घेऊन समुद्रात निघून गेली. मागे तीन खवले राहिले. एनोशिमाची ही देवी बेन्झाइतेन, म्हणजे मूळची आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती जपानला पोहोचली, आणि वीणेच्या जागी तिच्या हाती तिथले बिवा हे वाद्य आले. खेळ रचणाऱ्यांनी हे इथूनच उचलले, असे नुसत्या सारखेपणावरून म्हणता येणार नाही. तरी निघून गेलेली देवी आणि मागे राहिलेले तीन त्रिकोण ही जोडी जपानी माणसाला परकी नाही, एवढे नक्की.

२०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड' मध्ये आणखी एक थर चढला. तिघी जाताना ट्रायफोर्स हिलिया नावाच्या देवीवर सोपवून गेल्या. पण हे त्रिकोण देवांना वापरताच येऊ नयेत, अशीच त्यांची घडण. म्हणून हिलियाने देवपण टाकले आणि मानवी मुलगी म्हणून जन्म घेतला. तीच पहिली झेल्डा. माझ्या मते हा या मालिकेतला सर्वांत चांगला विचार आहे.

आणि इथेच मला खटकतेही. जग स्त्रियांनी घडवले, ते राखले स्त्रीने, मालिकेला नावही राजकन्येचे. पण खेळणारा चालवतो तो लिंक नावाच्या मुलाला, आणि झेल्डा बहुधा कुठेतरी कैदेत, निद्रेत नाहीतर शापात. देवी थोर आणि मुलगी बंदिस्त! हे आपल्याकडेही काही कमी पाहिलेले नाही. असो.

हे बदलायला २०२४ साल उजाडले. त्या वर्षीच्या 'एकोज ऑफ विज्डम' च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक तोमोमी सानो, या मालिकेच्या पहिल्या महिला दिग्दर्शक. या खेळात उत्पत्तीची कथा आणखी मागे ढकलली आहे: देवींच्याही आधी सारे गिळणारी एक पोकळी होती, आणि तिला कोंडण्यासाठीच तिघींनी जग घडवले. खेळाच्या आरंभीच लिंकला अशीच एक फट गिळते, आणि त्याला सोडवायला राजकन्या निघते.